पॅड बांधून बसलेला गडी

नरकचतुर्दशीची दुपार होती. फराळाची ताटे शेजारीपाजारी फिरून आली होती, अंगणातल्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे उन्हात तापत होते, आणि माधवनगरच्या आमच्या घराच्या ओसरीवर मी नुकताच आडवा झालो होतो. इतक्यात आजोळी आलेला माझा दहा वर्षांचा भाचा मैदानावरून परतला. पुढे केलेल्या चकलीला त्याने हात लावला नाही. खांबाला टेकून बसला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मामा, मी वाईट खेळतो का?"

"नाही रे."

"मग मला बॅटिंग का मिळत नाही?"

हकिगत साधी होती. याच्या बाजूला सगळेच पट्टीचे खेळणारे. पहिले चौघे बादच होत नाहीत, तोवर षटके संपतात. हा दोन तास उन्हात चेंडू अडवतो आणि घरी येतो. तो लिंबूटिंबू असता तर गोष्ट निराळी. आपण कच्चे आहोत हे लिंबूटिंबूला ठाऊक असते. खेळायला घेतले यातच तो खूश असतो. याचे दुःख पक्क्या गड्याचे होते.

आजीने आतून उत्तर दिले, "येईल हो तुझीही वेळ!" शेजारचे अण्णा फराळाला आले होते. ते म्हणाले, "बाळ, फळाची आशा धरू नये." दोन्ही उत्तरे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. परंतु त्या दिवशी मला ती दोन्ही अपुरी वाटली.

आजीचे उत्तर प्रेमाचे, पण ते खरे ठरेलच असे नाही. १९८८ साली मुंबईच्या आझाद मैदानावर शारदाश्रमाच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागी केली. ती कथा घरोघर माहीत आहे. त्याच संघात पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून बसला होता. तो बसूनच राहिला. पुढे १९९४ मध्ये रणजी स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात त्याने हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये एकंदर अकरा हजारांवर धावा जमवल्या. मुंबईचा कर्णधार म्हणून रणजी करंडकही जिंकला. पण भारताच्या संघात तेंडुलकर होता. १९९६ मध्ये द्रविड, गांगुली आणि लक्ष्मणही आले. मुझुमदारांची वेळ आली नाही ती नाहीच.

अण्णांचे उत्तर अधिक थोर, म्हणूनच अधिक जपून वापरायचे. निरिच्छतेचा उपदेश स्वतःला करावा; तो तप होतो. भरल्या पोटाने भुकेल्याला केला की तो सोयीचा होतो. ज्यांच्या पुढ्यात फळांची टोपली आहे, त्यांनी दुसऱ्याला फळाची आशा सोडायला सांगू नये.

मग हा अन्याय म्हणावा काय? अन्याय म्हटला की अन्याय करणारा शोधावा लागतो. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. हरियाणाच्या राजिंदर गोयलांनी एकट्या रणजी स्पर्धेत ६३७ घेतले. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, दोघेही एकही कसोटी खेळले नाहीत. कारण त्याच काळात, त्याच हाताने, बिशनसिंग बेदी गोलंदाजी करीत होते. यात बेदींचा दोष कोणता? निवड करणाऱ्यांनी तरी बेदींना बाहेर ठेवायला हवे होते काय? उत्तमाला निवडणे हे त्यांचे कर्तव्यच होते. गुन्हेगार कोणीच नाही. तरी एका माणसाचे उभे आयुष्य पॅव्हेलियनमध्ये राहून गेले.

इथे आपण मोठ्या समाधानाने म्हणतो, "शेवटी गुणाला वाव मिळतोच." खरे पाहता क्रम पुष्कळदा उलट असतो. वाव मिळतो, म्हणून गुण दिसतो. ज्या रोपाला पाणी घातले ते वाढले, आणि वाढले म्हणून त्यालाच पुन्हा पाणी घातले. दुसरे रोप मुळात खुरटेच होते हे मग कशावरून ठरवायचे?

२०२५ च्या नोव्हेंबरात भारताच्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गावाला विशेष आनंद झाला. सलामीला खेळणारी स्मृती मानधना याच माधवनगरात लहानाची मोठी झालेली. तिच्या जोडीला स्पर्धाभर प्रतिका रावल होती. न्यूझीलंडविरुद्ध दोघींनीही शतके ठोकली. मग उपांत्य सामन्याच्या आधीच प्रतिकाचा पाय दुखावला आणि मूळ पंधरांत नसलेल्या शफाली वर्माला बोलावणे गेले. अंतिम सामन्यात शफालीने ८७ धावा केल्या, दोन बळी घेतले आणि सामन्याची मानकरी ठरली. प्रतिका त्या रात्री चाकांच्या खुर्चीतून विजयोत्सवाला आली. तो पाय मुरगळला नसता तर शफालीचे ८७ कुठे असते? तिच्या अंगात ते होतेच. पण आपण कोणी ते पाहिले नसते, आणि पाहिले नाही म्हणून ते नाहीच, असे खुशाल म्हणालो असतो.

त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार.

यावरून "पाहा, अखेर न्याय झाला" असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या हातातला चषक आपल्या न खेळलेल्या डावाची भरपाई करीत नाही. मला इतकेच दिसते की, पॅड बांधून बसण्याचे दुःख जाणणारा माणूस त्या संघाच्या मागे उभा होता.

आपल्या पूर्वजांनी देवऋण, ऋषिऋण, पितृऋण सांगितले. त्यांत आणखी एकाची भर घालावी असे मला वाटते: जे आपल्याइतकेच लायक होते, पण आपण उभे होतो म्हणून ज्यांना उभे राहता आले नाही, त्यांचे ऋण. नोकरी लागलेल्यावर ते असते. ज्याच्या शिक्षणापायी बहिणीची शाळा सुटली त्या भावावर तर फारच असते, आणि भाऊबीजेच्या ओवाळणीने ते फिटत नाही. ते फेडण्याची पहिली पायरी म्हणजे ते मान्य करणे. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर 'आयडॉल्स' हे पुस्तक लिहिले, त्यात जगप्रसिद्धांच्या पंगतीत शिवलकर आणि गोयल यांनाही बसवले. कसोटीची टोपी त्यांना कोणी देऊ शकले नाही. पण ते काय तोलाचे होते ही साक्ष तरी नोंदली गेली.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "तू वाईट खेळत नाहीस. उद्याही बॅटिंग मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. पण मिळाली नाही म्हणून तू वाईट ठरत नाहीस. ही दोन वेगळी गणिते आहेत."

त्याने चकली उचलली. विचार करून म्हणाला, "मामा, मी मोठा झालो ना, की लहानांना आधी बॅट देईन."

"आत्ता कबूल करू नकोस," मी म्हणालो. "बॅट हातात आली, चेंडू छान बसायला लागला, की तेव्हा मला सांग."

तो हसला. मी मात्र हसलो नाही. माझ्या हातांत इतकी वर्षे काय काय होते, आणि ते मी कोणाला किती वेळ दिले, हे आठवत मी ओसरीवर पडून राहिलो.