साठीनंतरचे रुमाल

रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १९२५ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या चाकरीतून निवृत्त झाले आणि कामशेतला येऊन राहिले. वय साठ. नाव झालेलं होतं. स्वस्थ बसले असते तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पुढे पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद निवडून छापण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ४५ खंड हातावेगळे केले. मराठ्यांचा इंग्रजीतला त्रिखंडी इतिहास प्रसिद्ध झाला तेव्हा तर त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

तेवढी झेप आपल्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण ते दफ्तर अजून तिथेच आहे. कापडी रुमालांत बांधलेले कोट्यवधी कागद, आणि ते वाचू शकणारी माणसं मूठभर.

निवृत्त झालेल्याला जो तो सांगतो, एखादा छंद लावून घ्या, वेळ जाईल. मला हे पटत नाही. इतकी वर्षं आपल्या सहीवाचून कुणाचं तरी काम अडत होतं. पेन्शन सुरू झाली आणि ते अडणं संपलं. जिवाला लागतं ते हे. नुसता वेळ भरून ती पोकळी भरत नाही. त्यासाठी कुणाचं तरी काही आपल्यावाचून पुन्हा अडावं लागतं.

म्हणून मोडीचं नाव घेतो. १९१० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था तिचे वर्ग घेतात. मुळाक्षरं लवकर येतात, खरी कसोटी नंतर. कागदभर आधी रेघ ओढलेली, तिला टांगलेली अक्षरं, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ की ‘दीन’ हे मागचंपुढचं वाचूनच ठरवायचं. मग सन येतो : ‘खमस अशरीन मया व अलफ’. पाच, वीस, शंभर आणि हजार, म्हणजे ११२५. ही सुहूर सनाची गणना. तिच्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की १७२४-२५ हे इसवी साल हाती येतं. आणि ज्यांचा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला, त्यांना जमाखर्चाचा कागद उलगडताना इतिहासाच्या पदवीधरापेक्षा कमी अडायला होतं. नोकरीत मुरलेली नजर इथे वाया जात नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

वाचून द्यायचं कुणाला? २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि महसुली दप्तरांतले मोडी कागद वाचणारे हवेत, हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली एक ओळ लागली तर घरातल्या मुलीच्या जातीच्या दाखल्याचा प्रश्न सुटतो. कुणाकडे वाटणीपत्र असतं, कुणाकडे देवस्थानच्या इनामाची सनद. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत पिढ्यान् पिढ्या जपलेली, घरातल्या एकालाही न वाचता येणारी. असा कागद घेऊन माणूस आला, की त्याला चहा विचारावा आणि कागद खिडकीशी उजेडात धरावा. पहिल्या दिवशी गावाचं नाव लागलं तरी पुष्कळ झालं. बाकीच्यासाठी त्याला उद्या पुन्हा बोलवावं.