वाळू संपायच्या आत

नागपुरात एका लग्नाच्या पंगतीत एक डॉक्टर स्नेही जिलबी मोडता मोडता म्हणाले, "तातडीचे उपचार पोरवयातच शिकावे लागतात. चाळिशीतल्या, त्यातून जंगलातल्या बाईला काय शिकवणार?" बोलून ते मठ्ठ्याकडे वळले. माझ्या डोक्यातून ते वाक्य काही जाईना.

त्याचं उत्तर गडचिरोलीत आहे. गडचिरोली म्हटलं की बंग हे डॉक्टर दाम्पत्य, त्यांची 'सर्च' संस्था, शोधग्राम हे वाचकाला पाठच असतं. मला बोलायचंय ते तिथल्या विद्यार्थिनींबद्दल. गावातल्याच, लेकुरवाळ्या, बेताच्या शिकलेल्या बायका. न रडलेल्या बाळाला श्वास द्यायचा, तान्ह्याच्या अंगात जंतुदोष भिनतोय हे ओळखायचं, जेंटामायसिनचं इंजेक्शन टोचायचं, एवढं त्यांना शिकवलं. त्या आरोग्यदूत झाल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, जंतुदोष झालेल्या बाळांपैकी आधी शंभरात १६.६ दगावत, आता २.८. यावर वाद घालायचा तर डॉक्टरसाहेबांनी आकड्यांशी घालावा.

माझा मुद्दा जुनाच आहे. कोण जास्त शिकलंय आणि कोण आधी पोचतं, या दोन प्रश्नांची आपण गल्लत करतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो. १०८ ची गाडी २०१४ पासून महाराष्ट्रभर धावते, पण तीही अलीकडच्या काठालाच थांबणार. पलीकडे खाटेची कावड करून माणूस आणायचा. बाळ रडलं नाही तर हातात काही मिनिटं असतात, आणि त्या मिनिटांत झोपडीत जी बाई असेल तीच डॉक्टर.

इथे जरा आडवाटेला जातो, कारण तिथली एक वस्तू मला फार आवडते. मुलाला न्यूमोनिया झालाय का हे ठरवायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. गावच्या दायांना साठपर्यंत आकडे येत नसत. मग बंगांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असं एक साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. आकडा येत नाही म्हणून दाईला परत पाठवण्याऐवजी इथे आकड्यालाच बाजूला बसवलं. परीक्षा घेणाऱ्यांना ही कल्पना का सुचत नाही, कोण जाणे.

आणि वयाचं म्हणाल, तर सरकारनेच २००५ साली गावोगावी 'आशा' आरोग्य स्वयंसेविका नेमताना पंचवीस ते पंचेचाळीस वयाच्या, लग्न झालेल्या, विधवा किंवा घटस्फोटित बायका मागितल्या. पोरवय नकोच होतं. घरात दोन बाळंतपणं, एखादं मरण पाहिलेली बाई घाबरत नाही, हे दिल्लीतल्या कुणाला तरी कळलं होतं.

एवढं सगळं मी डॉक्टरसाहेबांना नंतर फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "असेल. पण तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला चालेल का ही बाई?" नागपुरात तिची गरजच नाही, असं मी ठणकावलं. उत्तर खोटं नव्हतं, पण सांगतानाच पोकळ वाटलं. ती इतकी कुशल असेल, तर सरकारदरबारी ती अजून स्वयंसेविका का? कामाच्या नगावर मोबदला का? तिच्या हुशारीचे गोडवे आम्ही लेख लिहून गातो, आणि तिने यापुढे काय व्हावं हे विचारायचं विसरतो. 'जवळ आहे म्हणून ती चांगली' या माझ्याच युक्तिवादाने मी तिला कायमची त्या झोपडीत बसवली. डॉक्टरांना ती शिकेल असं वाटत नव्हतं. मला ती शिकली तेवढी पुरे वाटत होती. माझं म्हणणं जास्त सभ्य होतं, इतकाच फरक.

वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली. २०२४ मध्ये गडचिरोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, जागा शंभर. कागदावर चाळिशीतल्या माडिया आदिवासी बाईला दार उघडं आहे. पण किती बाळांना तिने श्वास दिला याला त्या परीक्षेत एक गुण नाही. अनुभवाचे गुण मोजणारी, दहावीपासून परिचारिकेपर्यंत आणि तिथून वर नेणारी, पगारी शिक्षणाची वाट हवी. ती होईपर्यंत निदान त्या नव्या महाविद्यालयाने पहिल्या वर्षाच्या मुलांना तान्ह्याच्या तोंडावर मास्क कसा धरायचा हे दाखवायला एखाद्या आरोग्यदूताला बोलवावं. तासिकेचे पैसे मात्र प्राध्यापकांच्या दराने द्यावेत.