सात ते साडेआठ

मोहित्यांचे वडगाव हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं तीनेक हजार वस्तीचं गाव. १४ ऑगस्ट २०२२ रोजी तिथल्या गावसभेत एक निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. तोवर मुलांनी वाचायचं, लिहायचं, घरच्यांशी बोलायचं. करोनाच्या काळात अभ्यासासाठी म्हणून हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटत नव्हता, मुलांचं वर्गात लक्ष लागत नव्हतं, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी विषय काढला तेव्हा पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. बायकांनी मात्र उचलून धरला. आपणही मालिकांत अडकतो, तेव्हा सगळ्या गावानंच दीड तास बंद पाळावा, असं त्यांचं म्हणणं पडलं. सुरुवातीला आशाताई, अंगणवाडीसेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून आठवण करून देत.

ही बातमी देशभर गेली ती अभ्यासाच्या वेळेची बातमी म्हणून. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती वेगळी: तो भोंगा मोठ्यांसाठीही होता.

मुलांच्या इंटरनेटवरच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना आपण सगळे नियम मुलांनाच लावतो. पण तिसरी-चौथीतल्या पोराचं स्वतःचं खातं असतं कुठे? फोन वडिलांचा. ते रानातून किंवा कामावरून आले की तासाभरासाठी तो पोराच्या हाती पडतो. व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम यांनी तेरा वर्षांची अट घातली आहे, पण खातं वडिलांच्या नावावर असल्यावर ती अट लागणार कोणाला? रात्री वडिलांनी जे पाहिलं, त्याच वळणाचे व्हिडिओ सकाळी मुलीपुढे येऊन उभे राहतात. त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो, त्याच फोनवर गेममधला कोणी अनोळखी ‘दादा’ फुकट डायमंड देतो म्हणतो आणि आलेला आकडा विचारतो. मुलाला वाटतं, एक आकडाच तर सांगायचाय.

आता हाच फोन शाळेच्या ज्या बातम्या घेऊन येतो, त्यांकडे पाहू. शाळेत काय चाललंय ते गावाला कळलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यातली माणसं देशभर विखुरली आहेत. साताऱ्याकडचे माथाडी मुंबईत राबतात. बालआनंद मेळाव्यात भेळेचा स्टॉल लावून बसलेल्या लेकीचा फोटो तिच्या वडिलांना शेकडो मैलांवर दुपारच्या जेवणात पाहायला मिळतो, याचं मोल कमी लेखू नये. शिष्यवृत्ती परीक्षेत पोरगं चमकलं की अख्ख्या भावकीची छाती फुगते.

पण असा एखादा फोटो जरा जवळून पाहावा. परिपाठ नुकताच संपलेला असतो. गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलगी फळ्यापुढे उभी असते. फळ्यावर रंगीत खडूनं तिचं पूर्ण नाव, ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’, इयत्ता आणि तारीख. मागच्या भिंतीवर शाळेचं, गावाचं, तालुक्याचं नाव. हा फोटो पालकांच्या गटात जातो, तिथून कोणाच्या तरी स्टेटसला, तिथून शाळेच्या फेसबुक पानावर. कोणाच्याही मनात वाईट काही नसतं. तरीही मुलीचं नाव, जन्मतारीख, गाव आणि ती रोज दहा ते पाच कुठे असते, एवढं सगळं अनोळखी माणसाला एका नजरेत मिळतं. उद्या गेममध्ये किंवा फोनवर कोणी तिला नावानं हाक मारून वर्गातल्या बाईंचं नाव घेतलं, तर ती त्याला परका का समजेल?

साताऱ्यातल्या ज्या शाळेला आज छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथल्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. शाळेनं ती नोंद अजून जपून ठेवली आहे, आणि महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलाचं नाव, जन्मतारीख, गाव हे सारं त्या काळापासून जनरल रजिस्टरमध्ये राहत आलं आणि रजिस्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात. आजही कोणी आगंतुक शाळेत येऊन ते चाळायला मागेल तर गुरुजी देणार नाहीत. मग त्यातलाच मजकूर फळ्यावर लिहून, फोटो काढून आपण स्वतः वाटावा, हे मला पटत नाही.

बातमी बंद करायची गरज नाही, ती द्यायची रीत थोडी बदलावी लागेल. मुलांनी काढलेली चित्रं, वाफ्यातली मेथी, पाठमोरी रांग, मातीचे किल्ले यांतूनही शाळा दिसते. चेहरा दाखवायचा तर नाव नको, नाव लिहायचं तर चेहरा नको. आणि आईवडिलांना आधी विचारावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे, पण विचारण्याची सवय कायद्याच्या आधी शाळेत यायला हवी. चौथीतल्या मुलीलाही विचारावं, ‘तुझा फोटो टाकू का गं?’ जिला एकदा नाही म्हणता आलं आणि ते नाही ऐकलं गेलं, ती पुढे परक्यालाही नाही म्हणू शकते.

तंत्रज्ञानाशी माझं भांडण नाही. माण तालुक्यातले जिल्हा परिषद शिक्षक बालाजी जाधव टाळेबंदीत साध्या फोनच्या कॉन्फरन्स कॉलवरून मुलांना गोष्टी सांगत. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथेही शाळा पोहोचली, ती नुसत्या आवाजानं.

सगळ्यात अवघड भाग पुढेच आहे. मुलाच्या बाबतीत फोनवर काही वावगं घडलं तर ते कोणाला सांगेल? बहुतेक घरांत फोनबद्दलची पहिली धमकी ठरलेली असते: पुन्हा असं केलंस तर मोबाईल काढून घेईन. या एका वाक्यानं मूल गप्प बसतं. कोणी घाणेरडा फोटो पाठवला, कोणी फोटो मागितला, वडिलांच्या खात्यातून पैसे गेले, काहीही झालं तरी सांगितल्याची शिक्षा आपल्यालाच होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. समोरचा माणूस नेमकं तेच हेरतो. ‘घरी सांगितलंस तर मार खाशील’ म्हणतो, आणि मुलाला ते खरं वाटतं. म्हणून घरात याच्या उलट हमी हवी: तू सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही. ही हमी पाळायला मोठ्यांनाच जड जाते.

वडगावचा दीड तास मला यासाठी हवासा वाटतो. आईची नजर पडद्यावर नाही, वडिलांचा फोन कोनाड्यात आहे, आजी समोर बसली आहे. मनातलं बोलायला मुलाला एवढी मोकळीक लागतेच. फोनवर काही वावगं घडल्याचं कानावर आलं तर आधी ओरडू नये. मेसेज रागाच्या भरात पुसू नयेत, तो पुरावा असतो. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच घडीला फोन करावा, कारण जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. मुलाला त्रास दिला जात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. लैंगिक छळाचा प्रकार शिक्षकांना कळला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं तो पोलिसांना कळवणं त्यांना बंधनकारक आहे. शाळेचं नाव खराब होईल म्हणून मिटवण्याची मुभा तिथं नाही. हे दोन्ही नंबर येत्या पालकसभेत फळ्यावर लिहावेत आणि प्रत्येक पालकानं ते तिथंच आपल्या फोनमध्ये घालावेत, बाईंनी आणि सरांनीही.