कडी-कुलूप घरमालकाचे

वाचकहो, घर भाड्याने देण्यापूर्वी त्यात कोणती दुरुस्ती करावी आणि कोणती सोडून द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता गवंडी-सुताराचा वाटतो, फार तर हिशेबनिसाचा. पण तो नीतीचाही प्रश्न आहे असे आम्हांस वाटते. आपल्यापैकी कित्येकांची घरे आज ठाण्यात, अलिबागेत, लोदला किंवा अश्दोदला भाड्याने दिलेली आहेत, म्हणून हा विचार सर्वांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम आमची अडचण सांगतो. अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या दक्षिण अंगाला, ए-10 या वळणरस्त्याच्या आणि आगगाडीच्या रुळांच्या दोन्ही बाजूंना, झुइडास नावाचा उंच इमारतींचा भाग आहे. 1985 साली तेथे जागतिक व्यापार केंद्र उघडले, 1998 साली या भागाचा मोठा आराखडा ठरला, आणि पुढे बँका व वकिलांच्या कचेऱ्यांशेजारी राहती घरे उभी राहिली. तेथील रस्त्यांना संगीतकारांची नावे आहेत. त्यांपैकी गुस्टाव्ह मालर आणि जॉर्ज गर्शविन हे दोघे ज्यू घरांत जन्मलेले. या वस्तीत आमचे एक लहानसे घर आहे. नोकरीनिमित्त तीन वर्षे हैफ्याला राहावयाचे ठरले, तेव्हा घर बंद ठेवण्यापेक्षा भाड्याने द्यावे असे आम्ही ठरविले. हाताशी असलेल्या पैशांत मोठे काम एकच होण्यासारखे होते. एक तर ओटा, कपाटे व शेगडी बदलून नवे स्वयंपाकघर करावयाचे, नाही तर न्हाणीघराची फरशी उखडून खाली मुरणारे पाणी बंद करावयाचे आणि दमट हवा बाहेर टाकणारे यंत्र बदलावयाचे.

आता हॉलंडचा कायदा पाहा. तेथे घराला गुण देण्याची पद्धत आहे. मुख्य खोल्यांच्या प्रत्येक चौरस मीटरला एक गुण. ओटा एक मीटरपेक्षा आखूड असेल तर शून्य, दोन मीटरपर्यंत चार आणि त्याहून लांब असेल तर सात गुण. ओट्यात बसविलेल्या उपकरणांना आणखी काही. घरात वीज व उष्णता किती वाचते त्याचेही गुण मिळतात, आणि जे घर या कसोटीवर ई, एफ किंवा जी या खालच्या वर्गांत पडते त्याचे गुण उलट कापले जातात. 1 जुलै 2024 रोजी लागू झालेल्या कायद्यानुसार नव्या भाडेकराराच्या वेळी 186 गुणांपर्यंतच्या घराचे भाडे या मोजणीने बांधलेले असते. त्या वर्षी 186 गुणांच्या घराची मर्यादा महिना 1,157.95 युरो होती. 187 गुण झाले की मालक व भाडेकरू यांनी आपसांत ठरवावे, आणि झुइडाससारख्या वस्तीत ते आपसांतले भाडे पुष्कळच जास्त असते. आमच्या घराची गोळाबेरीज नेमकी 186 वर येऊन थांबली होती!

म्हणजे प्रश्न स्पष्ट झाला. नव्या स्वयंपाकघराला गुण आहेत. फरशीखालच्या ओलीला एकही नाही. पहिले काम केले तर भाडे मोकळे होते, दुसरे केले तर पैसा पाण्याबरोबर मोरीतून जातो. आणि ओल तर कोणाच्या नजरेला पडत नाही. घर पाहावयास येणारा मनुष्य दहा मिनिटे थांबतो, खिडकीतून उंच इमारती पाहतो आणि ओट्यावरून हात फिरवितो.

यावर कोणी म्हणेल की मालकाने स्वतःचा फायदा पाहू नये. आम्ही तसे म्हणत नाही. मालकाच्या हाती काहीच उरले नाही तर काय होते, ते आपण मुंबईत पाहिले आहे. 1947 सालच्या भाडेनियंत्रण कायद्याने तेथील भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली. सॅम्युएल स्ट्रीट, डोंगरी, उमरखाडी या भागांत आपले लोक चाळींतून राहत. भाडे तेवढेच आणि महागाई दर वर्षी वाढती, तेव्हा मालकांनी चाळींकडे पाठ फिरविली. भाडेकरू म्हणे, जिना मालकाचा. मालक म्हणे, राहतोस तू, मग टेकू तूच लाव. अखेर 1969 साली सरकारला कर बसवून दुरुस्ती मंडळ काढावे लागले. तेव्हा मालकालाही काही मिळावे हे रास्त आहे. घराच्या कर्जाचे हप्ते आम्हांलाही आहेत. प्रश्न फायदा घ्यावा की न घ्यावा असा नसून, तो घेण्याआधी आपले देणे कोणते, हा आहे.

या देण्याची मोजणी आपल्या पूर्वजांनी करून ठेविली आहे. मिश्नाच्या 'बावा मेत्सिया' या भागाच्या आठव्या अध्यायात घरभाड्याचे नियम आहेत. दार, कडी, कुलूप, आणि ज्याला कारागीर लागतो असे प्रत्येक काम मालकाने करून द्यावे, आणि ज्याला कारागीर लागत नाही ते भाडेकरूने करावे, असा तेथला निवाडा आहे. हा नियम सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा. हॉलंडच्या 2003 सालच्या नियमावलीत पाहावे तर तीच वाटणी दिसते. आतल्या भिंतींना रंगसफेदी, दिवे बदलणे, ढिले झालेले स्क्रू आवळणे ही कामे भाडेकरूची. मोठी दुरुस्ती मालकाची. इस्राएलात 2017 साली भाड्याच्या घरांविषयी कायदा झाला. त्यातही राहण्यास योग्य घराला सांडपाण्याची सोय, वीज, हवा-उजेड, पिण्याचे पाणी आणि कुलूप लागणारे दार हवे असे सांगितले आहे. देश बदलले, भाषा बदलल्या, तरी कडी-कुलूप मालकाकडेच राहिले.

पण तालमूदमध्ये याच जागी एक गोष्ट अशी आहे की जिने आम्हांस थोडे थांबविले. गच्चीचा कठडा आणि दाराची मेझुझा ही भाडेकरूने करावयाची असे तेथे म्हटले आहे. कठड्याची आज्ञा देवारीम, म्हणजे अनुवाद, या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाही तर कोणी पडल्यास दोष घराला लागेल, असा तिचा आशय. मग ती भाडेकरूवर कशी आली? आमच्या समजुतीप्रमाणे याचे कारण असे की त्या काळी गच्ची सपाट व घर बैठे. वापरणाराच रोज तिच्यावर चढे, आणि चार ओळी विटा-मातीचा कठडा त्याच्या हातचा होता. कर्तव्य नावावर नव्हे, तर हाताला चिकटलेले असते. झुइडासमध्ये पंधराव्या मजल्यावरच्या सज्जाचा कठडा भाडेकरूच्या हातचा नाही. तो एकट्या घरमालकाच्याही हातचा नाही; इमारतीतील सर्व मालकांच्या मंडळाचा आहे. तेथे आमचा हात पोहोचतो तो मंडळाला लेखी कळविण्यापुरता, आणि तेवढे करणे मात्र आमच्यावर आहे.

यावरून आम्ही एक माप ठरविले. भाडेकरूचा हात जेथे पोहोचत नाही आणि त्याचा डोळा जेथे पोहोचत नाही, ती कामे आधी. हात व डोळा दोन्ही पोहोचतात ती त्याच्या आवडीवर सोडावीत. आणि ज्यांचा उपयोग मुख्यतः आमच्या भाड्याला आहे, ती सर्वांत शेवटी. या मापाने यादी आपोआप लागली. धूर ओळखणारी यंत्रे प्रत्येक मजल्यावर असावीत अशी हॉलंडात 1 जुलै 2022 पासून सक्तीच आहे, ती पहिली. दाराचे कुलूप दुसरे. भिंतींचा रंग आम्ही बदलला नाही. कोणाला निळा आवडतो, कोणाला पिवळा. हॉलंडात तर पुष्कळदा जमिनीवरचे आच्छादन, पडदे आणि दिवेसुद्धा नसलेले घर भाड्याने देतात, आणि भाडेकरू आपले घेऊन येतो. आपल्याकडच्या मनुष्याला हे विचित्र वाटेल. पण यात फसवणूक नाही, कारण उघडी जमीन सर्वांना दिसते. फरशीखालचे पाणी दिसत नाही.

येथे कोणी विचारील, घर पाहूनच घेतले ना, मग तक्रार कसली? वायिक्राच्या 19 व्या अध्यायात आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि आपल्या गुरूंनी तिचा अर्थ डोळ्यांच्या आंधळेपणापुरता घेतलेला नाही. ज्याला एखादी गोष्ट ठाऊक नाही तो त्या गोष्टीपुरता आंधळाच. शिवाय अ‍ॅमस्टरडॅममध्ये घरांची एवढी टंचाई आहे की घर पाहणाऱ्याला आपल्यामागे उभी असलेली रांग दिसते. तो खोदून विचारणार नाही. विचारले तर घर दुसऱ्याला जाईल अशी त्याला भीती. अशा मनुष्याच्या होकारावर हवाला ठेवणे बरे नव्हे.

दुसरा म्हणेल, मग ओल आहे एवढे सांगून टाकावे. हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. सांगितल्याने लबाडी संपते, हे खरे. पण काम संपत नाही. ते अशा मनुष्याकडे जाते की जो दुसऱ्याच्या घरातील फरशी उखडू शकत नाही, ज्याला गवंडी बोलावण्याचा अधिकार नाही, आणि जो तीन हिवाळे बुरशीच्या वासात मुलांना आंघोळ घालणार आहे. कारागिराचे काम मालकाचे, हा नियम नेमका येथे लागतो. सत्य सांगितल्याने घरमालकाचे निम्मे देणे फिटते; उरलेले निम्मे फेडावयास गवंडी लागतो.

आणि स्वयंपाकघर? ते जुने, पण धड आहे. झरोका, नळ, शेगडी सर्व चालते. ते बदलण्यात पाप नव्हते. घर अधिक ऊबदार करणाऱ्या कामालाही गुण मिळतात आणि तेथे भाडेकरूचे हीटिंगचे बिलही उतरते. अशा कामात दोघांचे भले होते, ते अवश्य करावे. पण एका गुणासाठी बसविलेल्या ओट्याने आमचे घर शाळामास्तराच्या किंवा परिचारिकेच्या आवाक्याबाहेर गेले असते, आणि तिला त्याच्या बदल्यात मिळाले असते ते चकचकीत कपाटाचे दार. आम्ही न्हाणीघर निवडले. भाडे 186 गुणांच्या आतच राहिले. दर महिन्याला त्याची झळ लागेल, आणि ती लागत नाही असे भासविण्यात अर्थ नाही.

तात्पर्य एवढेच की, ज्यांना घर भाड्याने द्यावयाचे आहे त्यांनी कामांची यादी करताना कागदाच्या मधोमध एक रेघ ओढावी. एका बाजूला, जे काम कोणी पाहिले नाही, ज्याचे भाडे कोणी दिले नाही तरी आपल्याला करावेच लागेल ते लिहावे. दुसऱ्या बाजूला, जे पाहणाऱ्यासाठी आहे ते. पैसे पहिल्या बाजूने खर्चण्यास सुरुवात करावी आणि जेथे संपतील तेथे थांबावे. दुसऱ्या बाजूचे काही राहून गेले तर कोणाचे फारसे अडत नाही.