नातीच्या जगात पाहुणे

डिसेंबरात न्यू जर्सीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मुलगा-सून अजून ऑफिसात, नात नुकतीच शाळेतून आलेली. त्या वेळी पुण्यात पहाटेचे तीन वाजलेले असतात, म्हणजे फोन करावा तर कोणी जागं नाही. बाहेर बर्फ, आपल्याला गाडी चालवता येत नाही. सहा महिन्यांसाठी मुलांकडे आलेल्या कितीतरी आईवडिलांना हाच तास सगळ्यात जड जातो. हे मनन त्या तासासाठी.

नातीशेजारी सोफ्यावर बसा. पाठ टेका. पावलं जमिनीला लागू द्या. तिच्या मांडीवर लॅपटॉप आहे. आज "पुरे झालं ते" म्हणू नका. "मलाही आत ने" म्हणा.

ती माइनक्राफ्ट उघडेल. मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने २००९ मध्ये लोकांपुढे आणलेला हा खेळ. इथे डोंगर, झाडं, ढग सगळं ठोकळ्यांचं, सूर्यसुद्धा चौकोनी. तिला "पीसफुल" लावायला सांगा, म्हणजे रात्री भुतंखेतं अंगावर येणार नाहीत.

लॅपटॉप आपल्याकडे घ्या, पण लगेच चालायला लागू नका. नुसते उभे राहा. इथला अख्खा दिवस वीस मिनिटांत संपतो, तेव्हा एक पूर्ण दिवस बघायला आपल्याकडे वेळ आहे. सूर्य वर चढताना बघा. माथ्यावर येईल, कलेल. श्वास आपल्या चालीने चालू दे. मधूनच पियानोचे चार-सहा सूर येतील. बहुधा डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराचे. मग बराच वेळ काही वाजणार नाही. सूर्य बुडेल, चौकोनी चंद्र वर येईल. काही करायचं नाही.

आता चाला. कुठेही. इथे कोणाला सोडायला यावं लागत नाही, की स्वेटर-टोपी-बूट चढवावे लागत नाहीत. नदी दिसली तर काठाने जा. कड्याशी आलात की बोटं गोंधळतील. नात म्हणेल, "शिफ्ट दाबून ठेव आजी, मग पडत नाहीस." दाबून धरा. खेळातली तुमची बाहुली जरा वाकते, चाल मंदावते, आणि अगदी टोकावर आली तरी खाली पडत नाही. त्या टोकावर थोडं थांबा. खाली दरी आहे, बोट शिफ्टवर आहे, आणि सांगणारी सात-आठ वर्षांची आहे. तिच्या आवाजातली काळजी नीट ऐका. एरवी त्या स्वरात तुम्ही तिच्याशी बोलता.

मग तिला होकायंत्र करायला सांगा. चार लोखंडी लगडी आणि मधोमध रेडस्टोन नावाच्या भुकटीची चिमूट. या होकायंत्राची सुई उत्तर दाखवत नाही. या जगात तुम्ही पहिल्यांदा जिथे उतरलात, त्या जागेकडे ती वळते. पुढे कितीही लांब जा, दुसरीकडे घर बांधा, पलंग टाकून तिथे झोपा. खेळात मेलात तर त्या नव्या पलंगापाशीच परत उभे राहाल. सुई मात्र पहिल्या जागेकडेच.

इथे सगळ्यात जास्त वेळ थांबा. तुमची सुई कुठे वळते आहे? सांगली असेल, म्हापसा असेल, दादरची चाळ असेल. वळू दे, अडवू नका. आता मुलाचा विचार करा. त्याचा पलंग इथे आहे, सुई तुमच्याच गावाकडे. आणि ही शेजारी बसलेली? हिची सुई इथेच वळते, या बर्फात, या रस्त्यावर. याचं वाईट वाटून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तिची पहिली जागा तिला तितकीच प्रिय आहे जितकी तुमची तुम्हाला.

आणखी एक. या खेळात गव्हाचं शेत मागे टाकून फार दूर गेलात, तर तिथला काळ थांबतो. परत येईपर्यंत रोप तेवढंच. आपलं तसं नाही. तिकडे कुलूपबंद घरात तुळशीची माती वाळत असेल, धाकटा भाऊ वयाने वाढत असेल. आणि तुम्ही तिकडे होतात तेव्हा हे घरही थांबलं नव्हतं. नातीचे पुढचे दात पडले, नवे आले, ते तुम्ही फक्त व्हिडिओ कॉलवर पाहिलंत. दोन्ही घरं मनात एकत्र ठेवा. दोन्हीकडे वाढ चालू आहे. आता तिच्याकडे वळून बघा, ती आज जेवढी आहे तेवढी.

परत जाण्याआधी तिच्या मदतीने खेळात आपलंही खातं उघडून घ्या. ती खेळत असेल तेव्हा भारतातूनही तिच्या जगात येता येतं. हिवाळ्यात तिच्याकडे शनिवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. ती वेळ आत्ताच ठरवून टाका.