आधी सांगावं, मग सोसावं

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४



थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, ते सोस, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. बाबांची केमोथेरपी चालू असताना हाच श्लोक मी त्यांना वाचून दाखवला होता. त्यांनी तो फारच मनावर घेतला. मांड्या ठणकत होत्या, लघवी काळ्या चहासारखी होत होती, तरी दोन दिवस बोलले नाहीत. आईच्या लक्षात आलं म्हणून कळलं.

डॉक्टर म्हणाले, रॅब्डोमायोलिसिस. कॅन्सरच्या रुग्णात क्वचित होतं; कधी औषधांमुळे, कधी जंतुसंसर्गामुळे. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरून किडनीला इजा करतं. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोकेही बिघडतात. लगेच सलाईन लावलं. किडनी वाचली.

त्या रात्री वॉर्डात गीता पहिल्या पानापासून उघडली. पहिल्या अध्यायात अर्जुन काय करतो? अंग गळतंय, तोंड कोरडं पडलंय, धनुष्य हातातून निसटतंय, सगळं सांगून टाकतो. भगवंत ते ऐकून घेतात. ‘सोस’ हे नंतर येतं. सर्व्हरची बारीकशी एररही लॉगमध्ये शोधणारा मी, बाबांना मात्र थेट दुसऱ्या अध्यायावर नेऊन बसवलं होतं.

घरी कुणी आजारी असेल तर आज जवळ बसून विचारा, “कुठे दुखतंय?” दुखणं सांगणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.