सलामाचे उत्तर कोणी द्यायचे?

कोणाला त्रास न देणे म्हणजेच त्याच्याशी चांगले वागणे, अशी आपली समजूत असते. मुलाच्या वर्गात ऑटिझम असलेला विद्यार्थी असेल, तर आपण घरी एवढेच बजावतो, "त्याला चिडवू नकोस, त्याच्या वाटेला जाऊ नकोस." मुले ऐकतात. परिणामी आठवी-नववीतल्या त्या मुलाला कोणी चिडवत नाही, आणि कोणी हाकही मारत नाही. मधल्या सुट्टीत त्याचा डबा एकट्याचा असतो. सहलीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा सर्वांत शेवटी भरते. यात अपराध कोणाचा, असे विचारले तर बोट ठेवायला जागा सापडत नाही. मग ज्यात अपराधी दिसत नाही, तो अन्याय असू शकतो का?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश केला आणि अशा मुलांना इतरांबरोबर शिकता यावे, ही शाळांची जबाबदारी ठरवली. हे मोठे काम झाले. पण कायदा वर्गात बाक देऊ शकतो, बाकावरचा सोबती देऊ शकत नाही. तेथून पुढे प्रश्न अख्लाकचा आहे.

मराठीत या स्थितीला 'स्वमग्नता' म्हणतात. शब्द नादमधुर आहे, पण निवाडा आधीच देऊन मोकळा होतो: हा स्वतःतच बुडालेला, याला माणसे नकोच आहेत! वस्तुस्थिती बहुधा तशी नसते. लहानपणी दोघांना एक चेंडू पुरतो. चौदाव्या वर्षी मैत्री सूचक बोलण्यावर, अर्धवट वाक्यांवर, डोळ्यांच्या खुणांवर चालू लागते, आणि जो मुलगा शब्दाचा सरळ अर्थ घेतो तो येथे मागे पडतो. काही जण, विशेषतः मुली, इतरांचे हसणे-बोलणे पाहून त्याची दिवसभर नक्कल करतात आणि घरी येऊन थकून कोसळतात. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडले, की न समजण्याची ही अडचण दुहेरी आहे. त्याला आपण उमगत नाही, तसा आपल्यालाही तो उमगत नाही. दोष मात्र एकाच्याच नावावर लिहिला जातो.

आता फिकहमधील एक मसला पाहा, जो आपल्या घरातल्या मुलांनाही ठाऊक असतो. जमलेल्या लोकांना कोणी सलाम केला, तर एकाने उत्तर दिले तरी सर्वांची जबाबदारी फिटते. कोणीच दिले नाही, तर सारेच दोषी ठरतात. वर्गातला तो मुलगा बसमार्गांचे क्रमांक किंवा ग्रहांची अंतरे न थांबता सांगत जवळ येतो, तेव्हा तो त्याच्या परीने सलामच करत असतो. चाळीस मुले ऐकतात आणि प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणी उत्तर देईल. मी येथे फतवा देत नाही. मात्र अपराधी न दिसणारा अन्याय कसा घडतो, हे मला या मसल्यातून जितके स्पष्ट दिसते तितके दुसऱ्या कशातून दिसत नाही.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जुलैबीब (रजि.) यांचा प्रसंग आहे. एका लढाईनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना विचारले, की कोणी हरवले आहे का. त्यांनी काही नावे सांगितली. पुन्हा विचारले, आणखी नावे आली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, आता कोणी नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले, की मला जुलैबीब दिसत नाहीत. शोध घेतला तेव्हा ते शहीद झालेले आढळले. कबर खोदून होईपर्यंत प्रेषितांनी (स.) त्यांना स्वतःच्या हातांवर धरून ठेवले. जुलैबीब (रजि.) यांना ऑटिझम होता असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि माझा रोखही तिकडे नाही. लक्षात घ्यावे ते इतकेच, की त्या सहाबांनी जुलैबीब यांना दुखावले नव्हते. त्यांच्या मोजणीत ते नाव आले नव्हते.

एक आक्षेप रास्त आहे. काही मुलांना एकांत खरोखर हवा असतो. मधल्या सुट्टीचा गोंगाट त्यांच्या कानांना सोसत नाही. अशा मुलाला ओढून क्रिकेटच्या मैदानात नेणे ही मैत्री नव्हे, आपल्या आवडीची सक्ती आहे. शिवाय 'सवाब मिळेल' म्हणून जवळ बसलेला सोबती कोणत्या किशोराला आवडेल? दया त्याला चटकन ओळखू येते. म्हणून त्याला विचारावे, आणि विचारताना आपली नेहमीची रीत थोडी बाजूला ठेवावी. "ये कधीतरी घरी" हे आपल्याकडे बहुतेकदा निरोपाचे वाक्य असते. तो मात्र ते खरे मानून वाट पाहत राहील. "शनिवारी चार वाजता ये, आपण दोघेच असू, टीव्ही बंद ठेवू, पाच वाजता तुला सोडायला येईन," असे आमंत्रण त्याला कळते. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही तो कसा बोलतो हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे नजर न मिळवता केलेल्या सलामाला कोणी बेअदबी समजणार नाही. आणि तो "नको" म्हणाला, तर ते "नको"ही खरे मानावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारावे.